जायफळांची माहेरची नावं

घरमालकाशी भांडायचं तर माणूस भाड्यावरून भांडतो, पाण्याच्या पंपावरून भांडतो, फार तर दोरीवरच्या कपड्यांवरून. आमच्या घरमालकांशी माझं पहिलं भांडण झालं ते दह्यावरून. ऑफिसातून घरी आले तर दह्याचं भांडं ओट्यावर, दूध ओट्यावर, टोमॅटो टोपलीत, आणि माझ्या फ्रिजच्या सगळ्या कप्प्यांत कागदी पाकिटं ओळीने उभी केलेली. प्रत्येक पाकिटात झाडाची दोन कोवळी पानं. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे आणि ती वापरण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. मी तणतणत खाली गेले तर म्हणाले, "माझ्या फ्रिजात बांगडे आसत. बांगड्याशेजारी डीएनए ठेवचो नसता. तू घाटावयली, तुझ्या फ्रिजात मासो खंयचो?"

मी वर येऊन दही फेकून दिलं.

मी तेव्हा कृषी सहायक म्हणून मालवण तालुक्यात नवीनच लागले होते. मूळची साताऱ्याकडची. धामापूरच्या तळ्याचं पाणी पाटाने जिथवर पोचतं, त्या टोकाच्या वाडीत यांचं घर आणि घरामागे माड-सुपारीची बाग. मला वरच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालक सगळा जन्म बोटीवर इंजिनात काढून गावी परतलेले, सत्तरी ओलांडलेले. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा ठाण्याला. शेजारच्या घरात धाकट्या भावाची विधवा बायको, त्यांना मी काकी म्हणायची. दोन्ही घरांचं जेवण काकीच करायच्या आणि दोन्ही घरांची बोलणीही त्याच खायच्या.

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न, "लगीन झाला?" मी म्हटलं, नाही. "ठरला?" नाही. "ठरला की नाव बदलतलंस?"

"काका, मी खोली बघायला आलेय."

"खोली बरी आसा. नावाचा सांग."

मला वाटलं, म्हातारपणाचा चळ असेल. पुढे कळलं की हा प्रश्न ते लग्नाच्या प्रत्येक मुलीला विचारतात. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीलाही विचारतात. त्यावरून एकदा कंडक्टरने त्यांना उठवून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नेऊन बसवलं होतं. तिथे बसून त्यांनी ड्रायव्हरला त्याच्या बायकोचं माहेरचं नाव विचारलं.

वाडीत त्यांचं नाव पडलं होतं डीएने. पोरं तोंडावर 'डीएनेकाका' म्हणत आणि यांना त्याचा अभिमान. कोळीण दारात आली की हे टोपलीतल्या सुरमईकडे बोट दाखवून म्हणणार, "ही सुरमईच कशावरसून? वाचून बघितलंस?" ती बिचारी म्हणायची, "काका, खावन बघा." ग्रामसभेत मोकाट बैलाचा विषय निघाला तर यांनी त्याचा बाप कोण ते तपासायची मागणी केली, कारण बाप कळला की मालक कळेल. आणि सगळ्यात मोठा जाच म्हणजे मी ऑफिसचं काम घरी घेऊन बसले की वर येऊन म्हणायचे, "देवान चार अक्षरांत जग लिवल्यान. तुमच्या हापिसाक एक अर्ज चार पानांत लिवक जमणा नाय."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते सावंतवाडीच्या एका शेतकरी मेळाव्यात. तिथे बागायतदारांना घेऊन जाणं माझं काम होतं. विषय जायफळाचा. जायफळाचं दुखणं असं की बी रुजवून रोप केलं तर ते नर की मादी, हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही. सहा-सात वर्षं पाणी घालायचं, शेणखत घालायचं, सावली सांभाळायची, आणि मग झाडाने सांगायचं की मी नर आहे, माझ्याकडून फळाची आशा धरू नका. निम्मी झाडं अशी निघतात. दहा माद्यांमागे एक नर पुरतो, बाकीचे नुसते पाटावर बसून जेवणारे.

तिथे एका प्रयोगशाळेतल्या बाई बोलल्या. झाडाच्या पेशीपेशीत त्याचा सगळा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो म्हणाल्या. आम्ही पक्क्या ठाऊक असलेल्या नर झाडांचा आणि मादी झाडांचा मजकूर वाचून काढलाय, तो शेजारी शेजारी ठेवून फरक नेमका कुठे पडतो ते बघतोय, आणि तशा काही जागा सापडल्यासारख्या वाटतात. आता ज्यांचं फूल अजून कुणीच पाहिलेलं नाही अशा झाडांची पानं हवीत. पानावरून आम्ही सांगू नर की मादी, आणि फूल आलं की तुम्ही सांगा आमचं खरं की खोटं. देईल का कुणी?

बाकीचे बागायतदार जेवणाच्या मंडपाकडे बघत होते. आमचे घरमालक उभे राहिले आणि म्हणाले, "माझी सगळी घेवा."

त्यांच्या बागेत सुपारीच्या सावलीत डझनभर जायफळं होती. आईने लावलेल्या एका जुन्या झाडाच्या बियांची, त्यांनी स्वतः रुजवलेली, तेव्हा पाचेक वर्षांची. आणि त्या डझनभर झाडांवर तेव्हा सगळं घर टांगलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. बापाचं वय झालेलं, बाग जेमतेम खर्चापुरतं देणारी, आणि एक जण तिथे पर्यटकांसाठी कॉटेज बांधायला जागा मागत होता. देवबागेतले लोक बघा कुठल्या कुठे गेले, असं तो मुलाला फोनवर ऐकवायचा. मुलाने बापाला सांगितलं, "बाबा, रिपोर्ट येऊ द्या. निम्म्याहून जास्त माद्या निघाल्या तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर जागा द्यायची आणि तुम्ही ठाण्याला यायचं." घरमालक एका क्षणात कबूल. मला धडकीच भरली. हा माणूस ठाण्याला वरच्या मजल्यावर बसून काय करणार, लिफ्टचा डीएनए काढणार?

मी आपलं शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "काका, पैज कशाला लावता? सगळ्याच झाडांवर मादीचं कलम बांधून घेऊ." अंगावरच आले. "जी मादीच आसा तिचा डोक्या कित्याक कापतलंस? आधी विचार, मगे काप." तत्त्व म्हणून हे बरोबर होतं, हेच जास्त चीड आणणारं. शिवाय डोकी कापून बांधलेली सगळी कलमं जगतात असंही नाही.

पानं काढायचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बाईंनी सांगितलं होतं की हात स्वच्छ धुवा, हातमोजे घाला, प्रत्येक झाडाला चाकूचं पातं स्पिरिटने पुसा. एवढंच. यांनी त्याचं सोवळं केलं. पहाटे आंघोळ, धुतलेलं धोतर, आणि पानं काढून होईपर्यंत दोन्ही घरांत मासा शिजवायचा नाही. नेमके त्या दिवशी ताजे फडफडीत बांगडे आलेले. काकींनी तिरफळं घालून तिखलं करायचं ठरवलं होतं आणि माझीही तोवर जीभ बाटलेली होती. घरमालक चुलीसमोर उभे राहून म्हणाले, "बांगड्याचो डीएनए पानाक लागलो तर रिपोर्टात झाडाक खवले येतले." काकींनी पातेलं आदळलं. "देवाचा सोवळा परवाडला गो बाय," मला म्हणाल्या, "देव निदान नैवेद्य तरी खाता." शेवटी आम्ही सगळ्यांनी पेज आणि लोणचं खाल्लं, आणि बांगडे त्यांच्या फ्रिजात गेले. म्हणून मी ऑफिसातून येईपर्यंत माझं दही बाहेर. आता लागली संगती?

त्याहून मोठा घोळ नावांचा. बाईंनी बजावून सांगितलं होतं की झाडांना नंबर द्या आणि तोच नंबर पाकिटावर लिहा. "नंबर तुरुंगात देतत," घरमालक म्हणाले. "नायतर बोटीर. मी बोटीर नंबर होतंय. माझ्या झाडांका मी नावा देतलंय." आणि नावं कुणाची, तर वाडीत नांदायला आलेल्या बायकांची. मी विचारलं, बायकांचीच का? तर म्हणे, "बायकांची नावा दिली की झाडा मादी निघतत." मी कपाळावर हात मारला. सकाळ-संध्याकाळ मला शास्त्र शिकवणारा माणूस हा.

तर ते पान कापत पुढे, आणि स्पिरिटची बाटली घेऊन काकी मागे. प्रत्येक झाडापाशी ते सांगत, ह्या झाड तुझा, ह्या सरपंचाच्या आवशीचा, ह्या खालच्या घरच्या थोरल्या सुनेचा. पाकिटावर नाव ते स्वतः लिहीत आणि पाकीट लगेच पिशवीत. अक्षर मात्र मोत्यासारखं. दुसऱ्या दिवशी ती पाकिटं माझ्या फ्रिजमधून काढून ते स्वतः प्रयोगशाळेत पोचवायला निघाले, आणि जाताना काकींना म्हणाले, "खंयचा झाड कोणाचा ता तुका ठावक आसा. पाट्यो रंगव." काकींनी पत्र्याचे तुकडे कापून त्यावर नावं रंगवली आणि झाडांना बांधली. मी ऑफिसच्या कामात होते. सगळं नीट झालं असं समजून निर्धास्त राहिले.

मग रिपोर्टाची वाट बघणं. ई-मेल माझ्या फोनवर यायचा होता, त्यामुळे माझी दशा विचारू नका. सकाळी दात घासत जिन्यापाशी आले की खालून, "इलो?" शेतावर चिखलात उभी असताना फोन, "इलो?" एकदा साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग चालू असताना फोन आला, साहेब म्हणाले घ्या, महत्त्वाचं असेल, मी स्पीकर चुकून दाबला, आणि सगळ्या ऑफिसने ऐकलं, "गो बाय, नर की मादी?" त्यानंतर महिनाभर ऑफिसात माझ्याकडे सगळे फार काळजीने बघत होते.

रिपोर्ट आला तेव्हा मुलगा मे महिन्याच्या सुट्टीवर आलेला होता. बातमी वाडीभर झाली. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, हळदीकुंकवालाही जमत नाहीत इतक्या बायका जमल्या, कारण प्रत्येकीला आपलं झाड काय निघालं ते ऐकायचं होतं. घरमालक पायरीवर काठीवर हनुवटी टेकून बसले. मी फोन हातात घेऊन वाचायला सुरुवात केली.

"कुसुम. मादी."

काकी बागेकडे बघून म्हणाल्या, "कुसुम नावाची पाटी मी रंगवलंयच नाय."

"द्वारका. नर."

द्वारकाही नव्हती. यमुना नव्हती. वत्सला नव्हती. मी यादी खालीवर केली. एकही नाव बागेतल्या पाटीशी जुळेना. मुलगा चिडला. तो म्हणाला, "बाबा, हा रिपोर्ट आपल्या बागेचा आहे की दुसऱ्या कुणाच्या? अशा कागदावर मी काय ठरवायचं?" पानं गेली, वेळ गेला, आणि आता बागही जाणार, तीही पाकिटांच्या घोळात. मी घरमालकांना जवळजवळ ओरडूनच विचारलं, "काका, ही नावं कुणाची?"

"वाच फुडे," ते म्हणाले. डोळे मिटलेले.

तेवढ्यात मागून सरपंचांची आई बोलली. कमरेत वाकलेली, कानाने कमी ऐकणारी बाई. ती म्हणाली, "द्वारका मी."

तिची सून हसली. "आये, तुमचा नाव पार्वती."

"पार्वती माका हंय इल्यावर केल्यानी. त्याच्या आधी मी द्वारका होतंय." मग तिला बाकीचं समजलं. "आणि माका नर म्हणता तो मेलो?"

सगळं खळं हसलं. हसू ओसरलं तशी एक बाई हळूच म्हणाली, "कुसुम म्हणजे मी." तिची शेजारीण तिच्याकडे बघतच राहिली. "गो, तुझा नाव कुसुम? जल्म गेलो तुझ्या शेजारी, कधी सांगलंस नाय?" ती म्हणाली, "कोणी विचारल्यान?" मग यमुना सापडली, वत्सला सापडली. काही जणींनी पटकन सांगितलं, काही जणींना आधी जरा आठवावं लागलं. मी एकेकीचं नाव वाचायची आणि ती बाई पुढे येऊन आपल्या पाटीवरचं नाव सांगायची. मी लिहून घेत होते आणि मला भयंकर राग येत होता. मला तेव्हा कळत नव्हतं तो कुणाचा येतोय.

काकी शेवटी राहिल्या. "चंद्रिका. मादी," मी वाचलं. काकींच्या पाटीवर सुमती होतं. त्या पायरीकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुमच्या ध्यानात रवला?"

"ऱ्हवात नाय तर," घरमालक म्हणाले, "मीच तर पुसलंय."

मग काकींनी मला सांगितलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत सगळीकडचीच. पण या वाडीतल्या नवऱ्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आमच्या घरमालकांचं अक्षर सुंदर. म्हणून प्रत्येक लग्नात अंगठी यांच्या हातात द्यायचे, नवरदेवाने नुसता हात लावायचा. बोटीवरून सुट्टीला आले की गावातली लग्नं यांच्यासाठी खोळंबलेली असत. आधी मुलीचं जुनं नाव विचारायचे, मग नवं लिहायचे. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं नाव याच हाताने बदललेलं. आणि पाकिटांवर त्याच हाताने जुनी नावं परत लिहिली. काकींना मात्र काहीच न सांगता. सांगितलं असतं तर पाट्याही तशाच झाल्या असत्या आणि माझं निम्मं रक्त आटायचं वाचलं असतं.

एक पाकीट राहिलं. "लीला. नर." आणि एक पाटी राहिली, विहिरीजवळच्या झाडावरची, सुहासिनी.

"सुहासिनी म्हणजे आई," मुलगा म्हणाला. "मग लीला कोण?"

"ता पाकीट चुकीचा," घरमालक घाईघाईने म्हणाले. "ता सोड."

"चुकीचा कसला?" काकी म्हणाल्या. "लीला म्हणजे तुझी आवस रे."

मुलगा चाळिशी ओलांडलेला माणूस. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, ते नाव स्वतः वाचलं आणि फोन परत दिला. आपल्या आईचं नाव त्याला त्या दिवशी कळलं, आणि तेही एका प्रयोगशाळेकडून.

माद्या निम्म्याहून जास्त निघाल्या. मुलाने शब्द पाळला, त्या कॉटेजवाल्याला तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. इथे खरं तर माझा त्रास संपायला हवा होता.

नरांवर कलमं बांधायला मी चांगला कलमवाला बोलावला. बागेचा नकाशा काढला. एकच नर ठेवायचा, तो बागेच्या मधोमध असलेला, म्हणजे द्वारका. तिथून सगळीकडे परागकण पोचतील. बाकीच्या नरांना मी लाल रंगाची खूण केली. कलमवाला विहिरीजवळ पोचला तर घरमालक झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. उठेनात. चहा तिथेच, पेज तिथेच.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, आधी विचार, मग काप? विचारलं. नर निघाला."

"रिपोर्ट बरोबर आसा," ते म्हणाले. "ती नरच. घरात तिचाच चलायचा."

"मग उठा."

"उठूचंय नाय."

"हे झाड कोपऱ्यात आहे! इथे नर ठेवून काही उपयोग नाही. शास्त्र शास्त्र म्हणून माझा जीव खाल्लात ना वर्षभर? आता शास्त्र सांगतंय तर ऐका!"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेवटाक शेवटाक ती सुहासिनी म्हणान हाक मारली तर ओ देय नाय. डॉक्टर म्हणालो, ऐकूक कमी इला. मगे तिचो भाव इलो. 'लीले' म्हणालो. तशी डोळे उघडल्यान." खोडावर हात ठेवून म्हणाले, "एकदा तिचा नाव कापलंय मी. आता मान कापूचंय नाय."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. कलमवाला करवत हातात घेऊन उभा, त्याची दुसरी कामं खोळंबलेली. एवढ्यात द्वारकाबाई, म्हणजे सरपंचांची आई, कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती ती आत आली. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना नेमकं हवं ते ऐकू येतं. कलमवाल्याला म्हणाली, "माझा डोक्या काप, बाबा. तिका ऱ्हवांदे. माका नर म्हणान सगळी वाडी हसता, माका परत बाई कर."

माझा नकाशा तिथेच संपला. मधल्या झाडाचं डोकं कापलं, कोपऱ्यातलं ठेवलं. मी बजावून सांगितलं की अशाने फळधारणा होणार नाही, नंतर माझ्याकडे यायचं नाही. मुलगा तिथेच उभा होता. तो काकींकडे गेला, ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आला. पाटीवरचं सुहासिनी त्याने पुसलं नाही. त्याच्या वर लीला लिहिलं. अक्षर बापासारखं अजिबात नव्हतं.

दोनेक वर्षांनी झाडांना फुलं आली. प्रयोगशाळेचं वाचन एक-दोन झाडांबाबत चुकलं, मादी म्हटलेली ती झाडं नर निघाली आणि त्यांचीही डोकी कापली, बाकी बरोबर निघालं. लीला नर निघाली. घरमालकांनी बाईंना फोन करून ते अशा थाटात कळवलं की जणू यांनीच ते वाचलं होतं. आणि फळं धरली. कोपऱ्यातल्या एका नरावर सगळी बाग कशी धरली, ते मला आजही सांगता येत नाही. किडे कुठून कसे फिरले असतील कोण जाणे. "तुझ्या नकाशाक काय कळता," घरमालक म्हणायचे, भेटेल त्या माणसाला म्हणायचे, माझ्या साहेबांनाही म्हणाले.

पुढे माझी बदली झाली आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. लग्न ठरलं तसं त्यांना पत्रिका पाठवली, ती रीत म्हणून. इतक्या लांब साताऱ्याला कोण येतंय! आले. काकींना घेऊन, एसटी बदलत बदलत आले, आणि येताना जायफळाच्या सालीच्या लोणच्याची बरणी आणली. मांडवात पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूच्या मुलींना काय विचारत होते ते मी लांबूनही ओळखलं.

लग्न लागलं. सासूबाईंनी तांदळाचं ताट आणवलं. त्यांच्यात नाव बदलतात, असं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या आईकडे बघितलं, आईने मान खाली घातली. नवरदेवाच्या हातात अंगठी दिली गेली, कुणीतरी त्याच्या कानात नवं नाव सांगितलं. मला बोलायचं होतं, पण भर मांडवात तोंड उघडेना. एवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. सनई थांबली होती, त्यामुळे शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

"गो बाय! नाव बदलू नको गो! मगे पाकिटांचो घोळ होतलो!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. सासरेबुवा विचारायला लागले, हे कोण गृहस्थ? कोणती पाकिटं? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकी त्यांचा सदरा खेचून त्यांना खाली बसवत होत्या आणि ते बसत नव्हते. काठी टेकून उभेच.

माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नवं नाव नको म्हणून मान हलवली. त्याने तांदळात माझंच नाव लिहिलं. अक्षर अगदी कोंबडीचे पाय.

घरमालक पुढे आले, वाकून ताटात बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्षर वायट आसा. पण स्पेलिंग बरोबर."